मराठी वाङ्मयातील अनवाणी पाऊल

‘अनवाणी’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्याच्या पोटात एक नकार दडलेला आहे याचे भान सहसा राहत नाही. संस्कृत ‘उपानह्’ म्हणजे जोडा. त्यापासून आपली ‘वहाण’ निघाली. आमच्या पूर्वेकडील छत्तीसगढीतली ‘पनही’ही त्याच घराण्यातली. आणि त्याच ‘उपानह्’ला नकाराचे ‘अन्’ लागून जे रूप घडले, ते बोलण्यात झिजत झिजत ‘अनवाणी’ झाले. ज्याच्या पायांत वहाण नाही तो अनवाणी. हिंदी बोलणारा ‘नंगे पाँव’ म्हणतो तेव्हा तो निदान पायाकडे पाहतो. मराठी बोलणारा ‘अनवाणी’ म्हणतो तेव्हा त्याची दृष्टी पायात नसलेल्या वहाणेवर असते. शब्दाने ठेवलेली ही आठवण वाङ्मयाने किती ठेवली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अनवाणी चालण्याचे सुख मराठी लेखकांनी पुष्कळ गायिले आहे. परंतु जेथे जेथे ते लेखन खरे उतरले आहे, तेथे तेथे वहाण कोठे ठेवली आहे आणि ती कोणाला मिळालीच नाही, याचाही हिशेब त्यात कोठेतरी लागलेला असतो. जेथे तो लागत नाही, तेथे शब्द गोड असले तरी पाय जमिनीला टेकत नाहीत.

ह्या सुखाचा मी वैरी नाही, हेही सांगितले पाहिजे. लांजी हे बालाघाट जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सरहद्दीला लागून असलेले गाव. १९५६ सालापर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती; आज कचेरी आणि शाळा हिंदीत चालतात व मराठी घरात, देवघरात आणि पत्रव्यवहारात नांदते. येथे शाळामास्तरकी करण्यात माझा जन्म गेला आणि घरी असताना पायांत काही घालावे असे मला आजही वाटत नाही. नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा ओलसर गारवा, माघातल्या पहाटे धुळीवर बसलेल्या दवाचा पातळ थर, मळणी झाल्यावर खळ्यात पसरलेल्या तणसावरचा तो लवचिक, किंचित टोचरा स्पर्श, ह्या गोष्टी डोळ्यांनी वा हातांनी कळत नाहीत. श्रावणात कोटेश्वराच्या दर्शनाला जाताना पावसाने धुतलेल्या दगडावर पाऊल ठेवावे, आणि वैशाखात त्याच दगडावरून उड्या मारीत सावली गाठावी! एकच दगड वर्षातून दोनदा आपली ओळख निराळी करून देतो. तळपाय हेही एक ज्ञानेंद्रियच आहे. आमच्याकडचा धान पिकविणारा शेतकरी बांधीत उतरला की किती चिखल झाला, पऱ्हे रोवायला जमीन तयार आहे की नाही, हे पायाने सांगतो. रोवणीच्या दिवसांत वहाण घालून बांधीत उतरायचेच म्हटले, तर दुसऱ्या पावलाला ती चिखलातच राहील.

येथेच एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी वाङ्मयाचा बराचसा प्रदेश हा कोरडवाहू देशाचा आहे. त्या वाटेवर बाभळीचा काटा आहे, कुसळ आहे, तापलेला खडक आहे. म्हणून त्या प्रदेशाच्या भाषेत जाड तळाची, करकर वाजणारी वहाण ही माणसाच्या ऐटीची आणि अब्रूची खूण झाली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) आरंभ आम्हा शिक्षकांना विशेष जवळचा, एक कोवळा मास्तर पहाटेच्या अंधारात एकटाच वाडीची वाट तुडवीत निघालेला आहे. ती वाट माणदेशाची आहे. भाताच्या प्रदेशातला मास्तर त्या दिवसांत निघाला असता तर चपला हातात घेऊन निघाला असता. आमच्या झाडीपट्टीचा चिखल मराठी कादंबरीत यावा तितका अजून आलेला नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. पण तिच्यासाठी हा लेख नव्हे.

अनवाणीपणाचा मराठीतला सर्वांत मोठा उत्सव म्हणजे पंढरीची वारी. आळंदीहून संतांच्या पादुका पालखीत बसून निघतात आणि त्यांच्या मागेपुढे कितीतरी माणसे उघड्या पायांनी चालतात. ज्यांत कोणाचा पाय नाही अशा पादुका रथात, आणि ज्यांना पादुका नाहीत असे पाय धुळीत, हे दृश्य परक्याला चमत्कारिक वाटेल. वारकऱ्याला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. ह्या वाटचालीवर मराठीत दोन लेखने अशी आहेत की त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तील (१९४९) ‘वाटचाल’ हा लेख, आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४). दोघेही शिकलेले, शहरातले. दोघांनाही आपण ह्या मेळ्यातले पुरते नाही याची जाणीव आहे. इरावतीबाईंच्या लेखाची थोरवी मला त्यांच्या भक्तिवर्णनात दिसत नाही. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या आज सर्वतोमुखी झाली आहे. परंतु त्याच लेखात, एका वाटेने चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, ह्याचे दुःख त्यांनी लपवून ठेवले नाही. पायांनी जे जोडले ते पंगतीने तोडले, असा तो अनुभव आहे. ही कबुली नसती तर लेख सुंदर झाला असता, पण इतका टिकला नसता. मोकाश्यांचे बळ निराळे. श्रद्धेचे सोंग त्यांनी घेतले नाही. कुतूहलाने चालणाऱ्या माणसाची नजर त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. वारीवर आज जे लेखन होते त्यात टाळ, वीणा, तुळस, पाऊस सर्व असते. ह्या दोघांचा तो संकोच तेवढा नसतो.

गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’चा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण नर्मदा ही आमच्या राज्याची नदी. परिक्रमावासीयाने अनवाणी चालावे हा जुना दंडक. शूलपाणीच्या झाडीत तर अंगावरचे वस्त्रही जाण्याची तयारी ठेवायची. येथे वहाण नसणे हा एका मोठ्या सोडण्यातला लहानसा भाग आहे. व्रत म्हणून सोडलेली वस्तू व्रत संपल्यावर परत घेता येते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. सोलापुराहून तुळजापूरला चालत जाणारा भाविक, नवरात्रात नऊ दिवस चपला न घालणारा कॉलेजातला तरुण, श्रावणात कावड घेऊन निघालेला आमच्याकडचा मुलगा, ह्या सर्वांच्या चपला घरी उंबऱ्यापाशी वाट पाहत असतात. त्यांच्या श्रद्धेला मी कमी लेखीत नाही. फक्त त्या चपलांकडे बोट दाखवितो.

व्रताचा नव्हे, तर रोजच्या साध्या अनवाणीपणाचा प्रसंग शोधू लागलो की मला ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण सर्वांनी वर्गात शिकविले आहे. त्यातील ‘थोर अश्रू’मधला प्रसंग असा: आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपला पदर पसरते, श्याम त्यावर पाय ठेवून उडी मारतो, आणि मग आई सांगते की, पायांना घाण लागू नये म्हणून जसा जपतोस तसाच मनाला घाण लागू नये म्हणून जप. आजवर ह्या प्रसंगाचे तात्पर्य मी शेकडो मुलांकडून लिहून घेतले असेल. सर्व मुले मनाविषयी लिहितात. मीही तेच लिहून घेत आलो.

परंतु समीक्षकाच्या नजरेने हा प्रसंग पुन्हा वाचला असता एक प्रश्न मनात उभा राहतो. श्याम उडी मारून घरात गेला. त्या ओल्या, मळलेल्या पदरासह आई अंगणातच उभी आहे. तिच्या तळव्यांचे काय? तिचे पाय दिवसभर विहिरीपासून चुलीपर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत त्याच मातीत आहेत, आणि ते कोणी पुसणारे नाही. मुलाच्या पायाची माती ही ‘घाण’ ठरते, आईच्या पायाची माती हे तिचे काम ठरते. गुरुजींनी हे शब्दांत सांगितलेले नाही; परंतु प्रकरणाला त्यांनी जे नाव दिले आणि आठवण सांगताना जो गहिवर आणला, त्यावरून त्यांना हे दिसत होते असे मला वाटते. आपण शिक्षकांनी तात्पर्याच्या घाईत ते मुलांना दिसू दिले नाही. याच साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. देवळाच्या दारी वहाण काढली की सर्व सारखे, असे आपण म्हणतो. चोखोबाला वहाण काढूनही आत जाता येत नव्हते.

स्त्रीच्या पायाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी थोडे. वडीलधाऱ्यांच्या समोर सुनेने पायांत काही घालू नये, हा आपल्याकडील घराघरांचा नियम फार जुना नाही. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर येथे इंग्रजीत भाषण केले. मुंबईत हातात पुस्तके घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत, गाड्या थांबवीत, आणि बूट-मोजे घालून ही कोण बाई शाळेत चालली म्हणून मोठ्याने हसत, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. शिकण्याइतकाच बूट हा अपराध होता! हे ध्यानात ठेवले म्हणजे आजीच्या भेगाळलेल्या टाचांवर लिहिलेल्या हळुवार कविता वाचताना मन थोडे सावध होते. त्या भेगांत माया आहे हे खरे. पण त्या टाचांना चपलेची परवानगी नव्हती, हेही तितकेच खरे आहे. आणि कवीला पहिले दिसते व दुसरे दिसत नाही, तेव्हा त्याची कविता अर्धी राहते.

आपल्या वाक्प्रचारांतही हा गुंता आहे. पाय पूज्य, पायधूळ पूज्य, पादुका पूज्य. पण वहाण हलकी. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण वहाणेविषयी नाही, माणसाला त्याची पायरी दाखविणारी आहे. कोणाला ‘जोड्यापाशीही उभे करू नये’, कोणाला ‘जोडे मारावेत’, अशी भाषा. आणि कृतज्ञता पराकोटीला गेली की ‘अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी ऋण फिटणार नाही’ अशीही भाषा. ह्या शेवटच्या बोलण्याजवळ जाणारी एक कथा आपल्या सरहद्दीपलीकडे, बाराव्या शतकातील कल्याणच्या शरणांत सांगितली जाते. हरळय्या नावाच्या चर्मकार भक्ताने व त्याच्या पत्नीने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवेश्वरांना अर्पण केले, आणि बसवेश्वरांनी ते पायांत न घालता मस्तकी धरले. आपल्याकडे वाक्प्रचार राहिला. जोडे करणारा माणूस त्यातून निघून गेला. जाता जाता आणखी एक. दुसऱ्याचे दुःख कळण्यासाठी इंग्रजीत त्याचे जोडे घालून पाहण्याची गोष्ट करतात. मराठीत ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ म्हणतात. जोडे बदलता येतात, वंश बदलता येत नाही. आपली म्हण अधिक खरी आणि अधिक कठोर आहे.

पाटलाच्या वाड्यावरून जाताना वहाणा काढून हातात घेण्याची सक्ती ज्यांच्यावर होती, त्यांच्या वाङ्मयात अनवाणीपणाचे गाणे सापडत नाही यात नवल नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) आत्मकथनांची जी परंपरा सुरू झाली, तीत उघडा पाय हा व्रताचा नाही, निसर्गप्रेमाचा तर नाहीच. ह्या आत्मकथनांवर सौंदर्यदृष्टी नसल्याचा आरोप आरंभी आपल्यापैकी काहींनी केला. मला वाटते, त्यांनी सौंदर्याची किंमत विचारली, एवढाच त्यांचा अपराध. गावोगावच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे एकदा नीट पाहावे. मूर्तिकार गावठी असो वा नामवंत, कोट आणि चष्म्याबरोबर पायांतला बूट तो विसरत नाही. त्या बुटाचा अर्थ त्या वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक असतो.

मग स्वेच्छेने अनवाणी होण्यात काही अर्थच नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा आणि वाढ इंदूरची. सप्टेंबर १९६४ मध्ये दिल्लीत गजानन माधव मुक्तिबोध वारले. मुक्तिबोध मराठी घरातले, कवी शरच्चंद्र मुक्तिबोधांचे ज्येष्ठ बंधू. लिहिले हिंदीत, आणि अखेरची वर्षे आमच्यापासून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकविले. त्यांच्या अंत्ययात्रेत आपण जोडे काढले आणि त्यानंतर ते घातले नाहीत, असे हुसेन सांगत. पुढे हा अनवाणीपणा त्यांच्या कीर्तीचा भाग झाला. मुंबईतल्या एका प्रतिष्ठित क्लबाने त्यापायी त्यांना प्रवेश नाकारला, त्याची चर्चाही पुष्कळ झाली. त्यात प्रदर्शन नव्हतेच असे मी म्हणणार नाही. तथापि एका उपेक्षित कवीच्या चितेपाशी ज्याचा आरंभ झाला, त्या प्रदर्शनात काहीतरी ऋण शिल्लक राहतेच. रेपिनने १९०१ साली टॉलस्टॉयचे अनवाणी चित्र काढले. त्यातला उमराव शेतकऱ्याच्या वेषात उभा आहे, आणि ते पाहताना मला नेहमी वाटते की बाजूला एखादा खरा शेतकरी उभा असता तर त्याने बूट मागितले असते. १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला सर्वांना आठवतो. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि पूर्वीपेक्षा कमी वेळात जिंकला, हे कोणी सांगत नाही. आपल्याला त्याचे अनवाणी पायच हवे असतात.

ह्या सर्व वाचनावर माझ्या मनात एका प्रसंगाने कायमची खूण केली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत, सुमारे १८० किलोमीटर, हजारो शेतकरी चालत गेले. त्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी पुष्कळ होते. कोणाच्या चपला वाटेत तुटल्या, कोणाच्या पायांत त्या नव्हत्याच. सोलून निघालेल्या तळव्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली, तेव्हा मुंबईकरांनी रस्त्यावर येऊन पाणी, खाणे आणि चपला वाटल्या. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना पेपरला पोहोचण्यास अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून पुरा केला. तो तळव्यांचा फोटो मी बराच वेळ पाहत बसलो होतो. वारीवरच्या आपल्या कोणत्याही सुंदर पानापाशी तो ठेवून पाहावा. जे पान त्याच्या शेजारी टिकेल ते खरे. इरावतीबाईंचे टिकते.

लेख येथे थांबला असता. परंतु दुसऱ्यांच्या लेखनाला कसोटी लावताना आपली वही झाकून ठेवणे बरे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला होता, ‘नंगे पाँव चलने का सुख’. विषय मला स्वतःला फार आवडलेला होता. मुलांनी दव, गवत, नदीची वाळू यांवर पानेच्या पाने भरली. एका मुलीने दीड पान लिहिले. हिंदीत मधून मधून घरची बोली मिसळलेली. आम्हा दोघी बहिणींत चपलांचा एक जोड आहे. एक दिवस ती घालते, एक दिवस मी. घरून निघताना मी चपला हातात घेते, म्हणजे त्या झिजत नाहीत. शाळेजवळच्या नाल्यात पाय धुते आणि मग घालते. शाळेत चपला वर्गाबाहेर काढून ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे माझे लक्ष फळ्याकडे नसते, दाराकडे असते. नियम माझाच होता. वर्ग हे सरस्वतीचे मंदिर आहे, असे मी प्रार्थनेच्या वेळी नेहमी सांगत असे.

त्या निबंधाखाली मी लाल शाईने शेरा लिहिला: ‘विषय से हटकर.’ दहापैकी तीन गुण दिले.